इंग्रजीत बोलताना उंच वाटलेला माणूस : माँट्रियलमधील एका प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

टेपवर एका पुरुषाचा आवाज येतो. तो सुमारे अडीच मिनिटे एक तत्त्वचिंतनपर उतारा वाचतो आणि थांबतो. ऐकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे एक कागद आहे. त्यावर चौदा गुण दिलेले आहेत आणि प्रत्येक गुणापुढे ‘अगदी कमी’पासून ‘खूप जास्त’पर्यंत सहा टप्प्यांची पट्टी आहे. हा माणूस हुशार वाटतो का, विश्वासू वाटतो का, दयाळू, महत्त्वाकांक्षी, धार्मिक, विनोदी वाटतो का, हे विद्यार्थ्याने ठरवायचे आहे. आणि त्याच रांगेत, जणू आवाजावरून तेही सहज कळावे अशा थाटात, उंची आणि देखणेपणही आहे. विद्यार्थी खुणा करतो, पुढचा आवाज येतो, तो पुन्हा खुणा करतो. असे दहा आवाज तो ऐकतो. त्या दहांपैकी आठ आवाज प्रत्यक्षात चारच माणसांचे आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाला आपण दोनदा जोखले आहे, एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये, याची त्याला कल्पना नसते.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांचे तीन सहकारी, हॉजसन, गार्डनर व फिलेनबॉम, यांनी केलेला हा प्रयोग १९६० साली प्रसिद्ध झाला. भाषा, बोली आणि उच्चार यांविषयी लोकांच्या मनात काय असते याचा अभ्यास करणारी जी शाखा पुढे उभी राहिली, तिची बरीचशी हत्यारे या प्रयोगातून तरी घडली किंवा त्याच्याशी वाद घालताना तरी घडली. मी भाषाविज्ञान शिकवते आणि दर वर्षी हा प्रयोग वर्गात मांडते. पाठ्यपुस्तकांत तो बहुधा चार ओळींत उरकला जातो, ‘फ्रेंच भाषकांनी स्वतःच्याच भाषेला कमी लेखले’ एवढेच सांगून. हे वाक्य चुकीचे नाही, पण ‘कमी लेखले’ या शब्दांत नेमके काय मोजले गेले होते हे त्यातून कळत नाही. या लेखात मला तेच तपासायचे आहे.

विचारून काय कळते

भाषेविषयीचे मत हवे असेल तर ते सरळ विचारावे, प्रश्नावली द्यावी, मुलाखत घ्यावी, हा पहिला मार्ग. त्यात अडचण अशी की माणूस प्रश्नाला उत्तर देताना प्रश्न विचारणाऱ्यालाही उत्तर देत असतो. वऱ्हाडी किंवा मालवणी ही प्रमाण मराठीपेक्षा खालच्या दर्जाची आहे काय, असे आपल्याकडच्या कोणाही सुशिक्षित गृहस्थाला विचारले तर ‘छे, सगळ्या बोली सारख्याच गोड’ असे उत्तर येईल. तेच गृहस्थ मुलाखतीच्या टेबलापलीकडून उमेदवाराच्या तोंडी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ ऐकतात, तेव्हा त्याच्या शिक्षणाविषयी, घराविषयी त्यांच्या मनात काहीतरी नोंदले जाते. ते खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. पहिले उत्तर त्यांच्या विचाराने दिले होते आणि दुसरी नोंद त्यांच्या कानाने केली होती.

बोलणे आणि वागणे यांतली ही फट भाषेच्या अभ्यासाआधीच समाजशास्त्राला माहीत झाली होती. रिचर्ड लापिएर यांनी अमेरिकेत एका चिनी जोडप्यासोबत प्रवास करताना २५१ हॉटेले आणि उपाहारगृहे यांचा अनुभव नोंदवला. प्रवेश नाकारला गेला तो फक्त एका ठिकाणी. नंतर त्यांनी त्याच ठिकाणांना पत्राने विचारले की चिनी ग्राहकांना आपण घ्याल काय, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी ‘नाही’ असे कळवले. हा अभ्यास १९३४ चा. तिथे लोकांचे बोलणे त्यांच्या वागण्यापेक्षा कठोर निघाले. भाषेच्या बाबतीत सहसा उलटे घडते, म्हणजे बोलणे उदार असते आणि कान कठोर असतो. लॅम्बर्ट यांना कानापर्यंत पोहोचायचे होते.

प्रयोगाच्या वेळचे माँट्रियल

माँट्रियल हे कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातले शहर. तिथे सेंट लॉरेंट नावाचा रस्ता आहे. त्याच्या पूर्वेला फ्रेंच आणि पश्चिमेला इंग्रजी अशी वस्तीची ढोबळ विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. क्वेबेक प्रांतात फ्रेंच भाषक संख्येने भरभक्कम बहुमतात होते, परंतु बँका, विमा कंपन्या, मोठे कारखाने आणि त्यांतली वरची पदे इंग्रजी भाषकांकडे होती. कारखान्यात फोरमन व्हायचे तर इंग्रजी यायला हवी, आणि व्यवस्थापकाला मात्र फ्रेंच आली नाही तरी चालत असे. १९६३ मध्ये नेमलेल्या द्विभाषिकता व द्विसंस्कृती आयोगाने १९६१ च्या जनगणनेवरून क्वेबेकमधील कमावत्या पुरुषांचे सरासरी उत्पन्न वंशगटांनुसार मांडले, तेव्हा ब्रिटिश वंशाच्या पुरुषांचा आकडा ४,९४० डॉलर आणि फ्रेंच वंशाच्या पुरुषांचा ३,१८५ डॉलर निघाला. आयोगाच्या यादीत फ्रेंचांच्या खाली फक्त इटालियन आणि आदिवासी होते. स्वतःच्या प्रांतात, स्वतःच्या बहुमतात, ही त्यांची जागा होती. सार्वजनिक ठिकाणी फ्रेंच बोलणाऱ्याला ‘स्पीक व्हाइट’, म्हणजे गोऱ्यांसारखे बोला, असे हटकले जाण्याची आठवण क्वेबेकच्या जुन्या पिढीत आजही आहे.

कालक्रम इथे महत्त्वाचा आहे. प्रांताचे दीर्घकाळचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे प्रांतप्रमुख, मोरिस द्युप्लेसिस सप्टेंबर १९५९ मध्ये वारले, जून १९६० मध्ये झाँ लसाज यांचा पक्ष निवडून आला आणि ‘शांत क्रांती’ म्हणून ओळखले जाणारे पर्व सुरू झाले. लॅम्बर्ट यांचा प्रयोग त्याआधी पार पडलेला होता. फ्रेंच भाषकांच्या अस्मितेला राजकीय आवाज मिळण्यापूर्वीचा तो कान आहे, हे निकाल वाचताना ध्यानात ठेवले पाहिजे.

जुळी सोंगे

पद्धतीचे नाव ‘मॅच्ड गाइज’. मराठीत यासाठी ‘सोंग’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. बहुरूपी सकाळी पोलीस होऊन दारात येतो आणि संध्याकाळी साधू होऊन. माणूस तोच असतो, पण आपण त्याच्याशी सोंगाप्रमाणे वागतो. इथे सोंग भाषेचे होते. दोन्ही भाषा सफाईने बोलणाऱ्या चार पुरुषांनी तोच उतारा एकदा फ्रेंचमध्ये आणि एकदा इंग्रजी अनुवादात वाचला. माणूस एकच असल्याने आवाजाची जात, घोगरेपणा, बोलण्याची लय, स्वभावाची झाक या गोष्टी दोन्ही वेळा बव्हंशी सारख्या राहतात. मग गुणांच्या खुणांत फरक पडला तर त्याचे खापर माणसावर फोडता येत नाही, कारण बदललेली गोष्ट भाषा ही एकच असते. आठ सोंगांमध्ये दोन वेगळ्या माणसांचे आवाज भरीला घातले होते आणि एकाच माणसाची दोन सोंगे शक्य तितकी एकमेकांपासून दूर ठेवली होती.

ऐकणारे होते ६४ इंग्रजी भाषक आणि ६६ फ्रेंच भाषक विद्यार्थी, वय साधारण अठराच्या आसपास. फोनवर किंवा रेडिओवर अनोळखी आवाज ऐकून आपण त्या माणसाविषयी जसा अंदाज बांधतो तसा इथे बांधायचा आहे, भाषेकडे लक्ष न देता आवाज आणि व्यक्तिमत्त्व यांकडे लक्ष द्यायचे आहे, असे त्यांना सांगितले गेले. याशिवाय प्रश्नावल्यांद्वारे त्यांना इंग्रजी व फ्रेंच समाजांविषयी काय वाटते हेही स्वतंत्रपणे नोंदवून घेतले गेले. पाठ्यपुस्तकांत हा दुसरा भाग जवळजवळ नेहमीच गळतो. माझ्या मते सारा अर्थ तिथेच आहे आणि त्याकडे मी थोड्या वेळाने येते.

चौघांची फ्रेंच एकसारखी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. कोणाची क्वेबेकच्या शहरी वळणाची होती, एकाची जंगलात लाकूडतोडीचे काम करणाऱ्यांची ठसठशीत धाटणी होती, आणि एकाची फ्रान्समधल्या माणसाची वाटावी अशी होती.

कागदावरच्या खुणा

इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांनी चौदापैकी सात गुणांत इंग्रजी सोंगांना वरचे माप दिले : उंची, देखणेपण, बुद्धिमत्ता, विश्वासूपणा, दयाळूपणा, महत्त्वाकांक्षा आणि चारित्र्य. विनोदबुद्धीत तेवढे त्यांनी फ्रेंच सोंगांना झुकते माप दिले. आपल्या माणसांना चांगले म्हणणे हे अपेक्षितच होते.

फ्रेंच भाषक विद्यार्थ्यांनीही आपल्या माणसांच्या बाजूने कौल दिला असता तर हा प्रयोग आज कोणाला आठवला नसता. त्यांनी इंग्रजी सोंगांना सातऐवजी दहा गुणांत वर ठेवले : उंची, देखणेपण, नेतृत्व, बुद्धिमत्ता, आत्मविश्वास, विश्वासूपणा, महत्त्वाकांक्षा, मिळून-मिसळून वागण्याची वृत्ती, चारित्र्य आणि आवडण्याजोगा स्वभाव. फ्रेंच सोंगांच्या वाट्याला धार्मिकता आणि दयाळूपणा हे दोनच आले. शिवाय फ्रेंच सोंगांना फ्रेंच भाषकांनी दिलेले माप इंग्रजी भाषकांनी दिलेल्या मापापेक्षाही कमी होते.

या यादीत मी दर वेळी उंचीपाशी थांबते. बुद्धिमत्तेविषयी मतभेद होऊ शकतो. आत्मविश्वास आवाजात ऐकू येतो असे मानायला जागा आहे. एखाद्याला परकी भाषा वाचताना अडखळायला झाले असेल असा संशयही घेता येतो. उंचीला यांतले काहीच लागू होत नाही. एक माणूस टेपरेकॉर्डरसमोर बसून दोनदा वाचतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात इंग्रजी वाचणारा तो फ्रेंच वाचणाऱ्या त्याच्यापेक्षा उंच उभा राहतो. ऐकणारा स्वतः फ्रेंच असला तरीही. कानावर भाषा पडताच मनात एक आख्खा माणूस तयार होतो, त्याला चेहरा असतो, खांदे असतात, बहुधा कोटही असतो, आणि मग विद्यार्थी त्या तयार माणसाची उंची मोजतो. टेपवरच्या आवाजाचे काम तोपर्यंत संपलेले असते. भाषेविषयीचे मत म्हणून आपण ज्याचा अभ्यास करतो ते मत भाषेच्या ध्वनींविषयी किंवा व्याकरणाविषयी क्वचितच असते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा पुरावा माझ्या वाचनात नाही.

दोन वाचने

लॅम्बर्ट यांनी या निकालाचा अर्थ असा लावला की फ्रेंच कॅनेडियन माणूस दुय्यम असतो अशी एक साचेबंद प्रतिमा सबंध समाजात पसरलेली आहे आणि ती इंग्रजांच्या मनात जशी आहे तशीच फ्रेंचांच्याही मनात आहे. संख्येने बहुमतात असलेला गट अल्पसंख्याकासारखा प्रतिसाद देतो आहे, असेही त्यांनी म्हटले. पुढे लोकांनी याचे रूपांतर ‘आत्मद्वेष’ या शब्दात केले. फ्रेंच तरुणांना आपली भाषा आवडत नाही, त्यांना आपली लाज वाटते, असे वाचन त्यातून रूढ झाले.

मला हे वाचन पटत नाही आणि त्याचे कारण प्रयोगातच आहे. विद्यार्थ्यांनी प्रश्नावल्यांत इंग्रजी आणि फ्रेंच समाजांविषयी जी मते नोंदवली होती, त्यांचा आवाजांना दिलेल्या मापांशी जवळपास काहीच संबंध निघाला नाही. ज्याला इंग्रजांचा राग होता त्यानेही इंग्रजी सोंगाला उंच म्हटले, आणि ज्याला आपल्या समाजाविषयी प्रेम होते त्यानेही फ्रेंच सोंगाला कमी महत्त्वाकांक्षी ठरवले. खुणा जर द्वेषातून किंवा लाजेतून येत असत्या तर जास्त द्वेष असलेल्याच्या खुणा जास्त झुकलेल्या दिसायला हव्या होत्या. तसे झाले नाही. म्हणून मी असे म्हणेन की त्या कागदावर आवडनिवड उतरण्यापेक्षा माहिती जास्त उतरली होती. माँट्रियलमध्ये वरच्या मजल्यावर कोण बसतो, चांगला कोट कोणाच्या अंगावर असतो, कोणाची मुले नीट खाऊनपिऊन वाढतात, हे अठरा वर्षांच्या फ्रेंच मुलाला चांगले ठाऊक होते. ४,९४० आणि ३,१८५ हे आकडे आयोगाने छापण्याआधी शहराने ते त्याला शिकवले होते.

याने गोष्ट सौम्य होते असे मात्र मला अजिबात वाटत नाही. लाज असती तर अभिमान शिकवून ती घालवता आली असती. माहिती खरी असेल तर ती घालवायला शहरच बदलावे लागते.

लॅम्बर्ट, फ्रँकेल आणि टकर यांनी १९६६ मध्ये ९ ते १८ वर्षे वयाच्या फ्रेंच कॅनेडियन मुलींवर याच पद्धतीने केलेले काम या वाचनाला बळ देते. इंग्रजी सोंगांकडे स्पष्ट झुकाव सुमारे १२ व्या वर्षी दिसू लागला. खासगी शाळांत जाणाऱ्या सुखवस्तू घरच्या मुलींमध्ये तो ठळक होता आणि पुढेही टिकून राहिला, तर कामगारवर्गातल्या मुलींमध्ये तो फिका होता आणि फार टिकलाही नाही. ज्या मुलींपुढे वरच्या मजल्याचा जिना होता त्यांनाच त्याच्या पायऱ्या कोणत्या भाषेत आहेत हे आधी कळले, असे मी याचे वाचन करते.

फ्रान्सच्या धाटणीचा मुद्दाही इथेच जोडला पाहिजे. दांग्लेजाँ आणि टकर यांनी १९७३ मध्ये क्वेबेकमधील विद्यार्थी, शिक्षक आणि कारखान्यातील कामगार यांना फ्रेंचच्याच वेगवेगळ्या धाटण्या ऐकवल्या. सरळ प्रश्नांना उत्तरे देताना क्वेबेकची फ्रेंच हीन आहे हे या लोकांनी मान्य केले नाही. पण आवाज ऐकून माप देताना त्यांनी युरोपीय धाटणीला वर बसवले. इथे इंग्रजी मुळात मैदानातच नव्हती. एका भाषेच्या आत, एकाच समाजात, तोंड एक म्हणत होते आणि कान दुसरे.

पद्धतीवरचे आक्षेप

या पद्धतीवर झालेल्या टीकेतले काही मुद्दे किरकोळ आहेत आणि काही मुळाशी जाणारे. फ्रेंच आणि इंग्रजी आवाज आलटून पालटून ऐकवले की भाषेकडे लक्ष देऊ नका असे सांगूनही लक्ष तिथेच जाते, हा एक. सोंग चांगले वठले नाही तर ऐकणारा भाषेऐवजी नक्कल जोखतो, हा दुसरा; म्हणूनच पुढे अनेकांनी एका माणसाच्या दोन सोंगांऐवजी त्या त्या भाषेच्या अस्सल बोलणाऱ्यांचे आवाज वापरले, आणि त्याबरोबर माणसामाणसांतला फरक पुन्हा आत शिरला. ऐकणाऱ्यांना अंधारात ठेवल्याशिवाय ही पद्धत चालत नाही, म्हणून नंतर त्यांना खरे काय ते सांगणे संशोधकाला बंधनकारक ठरते.

चौदा गुणांची यादी संशोधकाने दिलेली असते, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. ज्याची विचारणाच नाही ते उत्तरात येत नाही. पुढच्या अभ्यासांतून हळूहळू दिसू लागले की असे गुण दोन मुख्य गठ्ठ्यांत पडतात. एकात बुद्धिमत्ता, महत्त्वाकांक्षा, नेतृत्व असे दर्जाचे गुण असतात आणि दुसऱ्यात दयाळूपणा, जिव्हाळा, आपलेपणा असे गुण असतात. प्रतिष्ठेच्या भाषेला पहिल्या गठ्ठ्यात वरचे माप मिळते, तर खालच्या मानल्या गेलेल्या भाषेला बहुधा दुसऱ्यात मिळते. एलन बुशार्ड रायन यांनी १९७९ मध्ये विचारलेला प्रश्न, कमी प्रतिष्ठेच्या बोली मग टिकून का राहतात, याचे उत्तर त्या दुसऱ्या गठ्ठ्यात आहे. या दृष्टीने पाहिले तर १९६० च्या फ्रेंच विद्यार्थ्यांनी आपल्या भाषेला दिलेला दयाळूपणा हा उरलासुरला तुकडा राहत नाही, ती एका वेगळ्या परिमाणाची पहिली खूण ठरते. पण मिळून-मिसळून वागणे आणि आवडण्याजोगा स्वभाव हे गुणही त्यांनी इंग्रजीलाच दिले होते, हे विसरून चालणार नाही. दर्जाच्या बदल्यात जिव्हाळा अशी सरळ वाटणी त्या शहरात झालेली नव्हती.

माझ्या मनात घर करून राहिलेला आक्षेप उताऱ्याविषयीचा आहे. तत्त्वचिंतनपर मजकूर निवडला तो तटस्थ म्हणून, म्हणजे त्यातून कोणाची बाजू दिसू नये म्हणून. परंतु कोणता विषय कोणत्या भाषेत बोलला जातो हे समाजात आधीच ठरलेले असते. लाकूडतोड्यांच्या धाटणीत तत्त्वचिंतन वाचले जाते तेव्हा ऐकणाऱ्याला बोली ऐकू येते आणि तिच्यासोबत एक विसंगतीही ऐकू येते. मग कमी पडलेल्या मापातले किती बोलीचे आणि किती विसंगतीचे, हे वेगळे काढायला त्या कागदावर सोय नव्हती.

नंतरचे माँट्रियल

पुढची हकिकत थोडक्यात सांगते. १९६५ मध्ये माँट्रियलच्या सेंट लॅम्बर्ट या उपनगरात इंग्रजी भाषक पालकांनी आग्रह धरून आपल्या मुलांसाठी पूर्णपणे फ्रेंचमधून चालणारा बालवर्ग सुरू करून घेतला, आणि त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला तो वॉलेस लॅम्बर्ट आणि टकर यांनीच. उपनगराचे आणि संशोधकाचे नाव एक असणे हा निव्वळ योगायोग. ऑगस्ट १९७७ मध्ये फ्रेंच भाषेची सनद, म्हणजेच विधेयक १०१, मंजूर झाली आणि कामाची जागा, दुकानांच्या पाट्या आणि स्थलांतरितांच्या मुलांच्या शाळा यांत फ्रेंचला कायद्याने पुढे आणले गेले. रिशार बूरी यांनी त्या सुमारास प्रयोग रस्त्यावर नेला. पादचाऱ्यांना फ्रेंचमध्ये किंवा इंग्रजीत वाट विचारायची आणि उत्तर कोणत्या भाषेत मिळते ते टिपायचे, एवढीच त्याची रचना होती. इंग्रजीत विचारले तर फ्रेंच भाषक जवळजवळ सगळेच इंग्रजीत उत्तर देत. फ्रेंचमध्ये विचारले असता इंग्रजी भाषकांपैकी बरेच जण मात्र इंग्रजीलाच धरून राहत. कागदावरच्या खुणेपेक्षा हा पुरावा मला अधिक भक्कम वाटतो, कारण इथे कोणी कोणाला माप देत नव्हते, फक्त रस्ता सांगत होते.

जेनेसी आणि होलोबो यांनी १९८९ मध्ये जुळ्या सोंगांचा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा आपलेपणाच्या बाजूने फ्रेंचची स्थिती सुधारलेली दिसली, पण दर्जाच्या गुणांत इंग्रजी वरच राहिली. सनदेला ३० वर्षे झाल्यावरचे चित्र रूथ किर्चर यांनी मांडले. माँट्रियलच्या तरुणांना प्रश्नावलीतून विचारले असता आपलेपणाची भाषा म्हणून फ्रेंचला मान मिळत होता, तर आवाज ऐकवून विचारले असता दर्जा आणि आपलेपणा या दोन्हींत इंग्रजीला अधिक माप मिळत होते. मधल्या काळात उत्पन्नातली दरी खूपच बुजली होती. त्यामुळे माझे ‘माहिती’ हे वाचन इथे अपुरे पडते, हे मला मान्य करावे लागते. इंग्रजीचा दर्जा आता क्वेबेकमधल्या मालकांवर अवलंबून नव्हता. ती जगाची भाषा झाली होती आणि माँट्रियलच्या मुलाला तेही कोणी न सांगता कळले होते.

आपल्याकडे हा प्रयोग करायचा तर

मराठी जगात लॅम्बर्ट यांची मांडणी जवळपास जशीच्या तशी बसेल अशी जागा गोवा आहे. तिथे कोकणी आणि मराठी या दोन्ही सहज बोलणारी माणसे घरोघरी आहेत, एकाच माणसाची दोन सोंगे अस्सल वठतील. शिवाय सरळ प्रश्न तिथे उपयोगाचा नाही, कारण १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आधी आणि नंतर झालेल्या वादांमुळे ‘तुम्हाला कोणती भाषा जवळची’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर आधी राजकीय असते.

महाराष्ट्रातल्या बोलींबाबत काम अवघड आहे. ‘मला बाजारात जायचं आहे’ आणि ‘मले बजारात जाचं हाये’ यांत उच्चार, प्रत्यय आणि क्रियापद एकाच वेळी बदलतात, त्यामुळे ऐकणाऱ्याने कशाला माप दिले हे सांगता येत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गापुरता म्हणून मी असा एक प्रयत्न करून पाहिला. वाशीम जिल्ह्यातली एक विद्यार्थिनी दोन्ही आवाज द्यायला तयार झाली. घरून फोन आला की ती बोलायला व्हरांड्यात जात असे आणि दार ओढून घेत असे. तिची वऱ्हाडी मी तेवढीच, दाराच्या फटीतून ऐकली होती. मी तिच्यासाठी माणसाचे सुख कशात असते यावर पाऊण पानाचा उतारा लिहिला. प्रमाण मराठीत तिने तो एका दमात वाचला. वऱ्हाडीत तिसऱ्या वाक्यावर ती थांबली, पुन्हा सुरू केले, पुन्हा थांबली आणि म्हणाली, “मॅडम, असं आमच्याकडे कोणी बोलत नाही. आजोबा बोलायचे सुखाबद्दल, पण ते असं वाचून नाही बोलायचे.”

तिने दुसऱ्या दिवशी स्वतः लिहून आणलेला उतारा वाशीमहून अकोल्याला जाणारी एस.टी. चुकल्यावर काय काय करता येते यावर होता. वऱ्हाडीत तो तिने न थांबता वाचला. मग मी तिला तोच प्रमाण मराठीत वाचायला सांगितला, आणि दुसऱ्याच वाक्याशी तिने कागद खाली ठेवला.